तापत्या हवेतील कुरणे : ठाण्याच्या माळरानासाठी गवत कोणते?

ठाणे, प्रतिनिधी

*पावसाचे वेळापत्रक विस्कटत असताना आणि उन्हाळे अधिक कडक होत असताना गुरचरणावर काय लावावे, हा प्रश्न मुरबाड-शहापूरच्या पशुपालकापुढे आज उभा आहे. परदेशी चारापिकांच्या झगमगाटात मागे पडलेली देशी गवते त्याचे उत्तर ठरू शकतात. मात्र त्यासाठी जागा, बियाणे आणि चराईची शिस्त या तिन्ही गोष्टींचा विचार एकत्रितपणे करावा लागेल.*

टेंभी नाक्यासारख्या गजबजलेल्या भागात राहणाऱ्या ठाणेकराचा गवताशी येणारा संबंध अगदी मोजका असतो. देवळाबाहेर गाय बांधून बसलेल्या बाईकडून घेतलेली हिरवी पेंढी आणि गणेशोत्सवात वाहिलेली दूर्वांची जुडी, एवढाच तो. या दूर्वा म्हणजेच शेतकऱ्याची हरळी. पायदळी तुडवली, जनावरांनी खुडली, उन्हाने करपली तरी पहिल्या सरीबरोबर पुन्हा फुटणारी ही वनस्पती देशी कुरणाचा सर्वांत परिचित नमुना आहे. अशा गवतांची निवड हा आता हवामानबदलाच्या चर्चेतील एक गंभीर विषय झाला आहे.

गवताचा जिल्हा

ठाणे जिल्ह्याची जुनी ओळख भात आणि मीठ यांच्याइतकीच गवताचीही होती. भातखाचरांच्या वरच्या अंगाला असलेल्या ‘वरकस’ जमिनीत नाचणी, वरी, खुरासणी अशी पिके आलटून पालटून घ्यावयाची आणि नंतर ती जमीन काही वर्षे गवताला सोडावयाची, अशी येथील रीत होती. हे गवत भाताच्या राबासाठी, घराच्या शाकारणीसाठी, गुरांसाठी आणि विक्रीसाठीही वापरले जाई. १८५३ साली ठाण्यापर्यंत व १८५४ साली कल्याणपर्यंत रेल्वे आल्यानंतर मुंबईची बाजारपेठ जवळ आली. मुंबईत १८७४ ते १९०५ या काळात ट्रामही घोडे ओढत असत. शहरातील घोडे व दुभती जनावरे यांच्या वैरणीचा मोठा भार ठाणे जिल्ह्याच्या माळांवर होता.

या गवताला राजकीय इतिहासही आहे. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, उंबरगाव परिसरात १९४५ साली गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा जो लढा उभा राहिला, त्यात वेठबिगारीच्या जोडीने गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न कळीचा होता. पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मजुरी मिळावी, ही त्यातील प्रमुख मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात पाच जणांचे बळी गेले. गवत ही ‘आपोआप उगवणारी’ फुकटची वस्तू नसून त्यामागे जमीन, श्रम आणि हक्क असतात, हे या लढ्याने दाखवून दिले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर हा भाग ठाण्यापासून वेगळा झाला. उरलेल्या जिल्ह्यात मुरबाड, शहापूर, भिवंडीचा ग्रामीण पट्टा आणि कल्याण-अंबरनाथ तालुक्यांतील काही गावे येथे आजही माळ व गुरचरणे आहेत. मात्र गोदामे, फार्महाऊस, रस्ते आणि गृहसंकुले यांच्या रेट्यात ती आक्रसत आहेत.

तापमान वाढते, म्हणजे गवताचे नेमके काय होते?

केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे आढळले. ठाणे जिल्ह्याने २६ जुलै २००५ चा प्रलय अनुभवला. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली होती.

गवताच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब म्हणजे पावसाचे वेळापत्रक. हवामान विभागाने २०२० साली मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. २०२५ साली मान्सून २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, आजवरच्या नोंदींतील सर्वांत लवकर. त्यानंतर जूनच्या मध्यापर्यंत तो रेंगाळला. अशा वेळी पहिल्या पावसावर एकदम उगवून येणारे बियाणे नंतरच्या उघडिपीत होरपळते.

याचे परिणाम तीन प्रकारचे आहेत. पहिला, वाढीचा हंगाम बेभरवशाचा होतो. दुसरा, चाऱ्याचा कस घटतो. तापमान अधिक असले की गवत लवकर फुलोऱ्यावर येते आणि त्यातील काष्ठमय तंतू वाढतात. माळावरच्या गवतातील प्रथिने फुलोऱ्यापूर्वी साधारणपणे सात-आठ टक्क्यांच्या घरात असतात. गवत वाळून पिवळे पडल्यावर ती तीन-चार टक्क्यांवर येतात. हा काळ अलीकडे सरकला तर जनावराचे पोट भरते, पण अंगी लागत नाही. तिसरा परिणाम वनस्पतींच्या आपसातील स्पर्धेचा. आपल्याकडील बहुतेक माळगवते ‘सी-फोर’ गटातील आहेत, म्हणजे त्यांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत उष्णता व कमी पाणी यांना अनुकूल आहे. उष्म्यात ती तग धरतात. परंतु औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाख भागांत सुमारे २८० असलेले हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आता ४२० च्या पुढे गेले आहे. त्याचा लाभ ‘सी-थ्री’ गटातील झुडपांना तुलनेने अधिक मिळतो. घाणेरी व रानमोडी माळांवर फोफावत आहेत. त्याची कारणे अतिचराई आणि दुर्लक्ष ही आहेतच, बदलती हवाही त्यांच्या बाजूने आहे.

देशी म्हणजे कोणते?

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या वतीने १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या दाबडघाव व शंकरनारायण यांच्या सर्वेक्षणात देशातील गवताळ प्रदेशांची पाच मुख्य प्रकारांत विभागणी करण्यात आली. महाराष्ट्र त्यातील ‘सेहिमा-डायकँथियम’ या प्रकारात मोडतो, म्हणजे शेडा-पवन्या आणि मारवेल यांच्या प्रदेशात. ही नावे दख्खनच्या शेतकऱ्याच्या तोंडी आजही आहेत. त्यांचे स्वभाव मात्र वेगवेगळे आहेत.

मारवेल : बहुवर्षायू, मऊ काड्यांचे, जनावरे आवडीने खातात असे गवत. भारी, ओल धरणाऱ्या जमिनीत उत्तम येते, काही काळ पाणी साचलेलेही सोसते. बांध, नाल्याकाठ व खोलगट माळ यांसाठी पहिली पसंती. कापणीनंतर पुन्हा चांगले फुटते. याचे निवडक वाण कृषी संशोधन संस्थांनी विकसित केले आहेत.

शेडा व पवन्या : निचऱ्याच्या, मुरमाड जमिनीवरील सकस गवते. अतिचराई झाली की सर्वप्रथम हीच नाहीशी होतात. त्यामुळे माळावर ती दिसणे, हे त्या माळाची प्रकृती बरी असल्याचे लक्षण मानले जाते.

डोंगरी : नावाप्रमाणेच उताराच्या, खडकाळ जमिनीवर टिकणारे बहुवर्षायू गवत. मुळे माती घट्ट धरतात. अतिवृष्टीत धूप होणाऱ्या टेकड्यांसाठी उपयुक्त.

कुसळी : माळावर सर्वत्र आढळते. कोवळे असताना जनावरे खातात, पण बी धरल्यावर त्याची टोकदार कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत व कातडीत घुसतात. वणव्यांमुळे हे गवत अधिक माजते. ते मुद्दाम लावण्याची गरज नाही. असलेले फुलोऱ्यापूर्वी कापून वापरावे.

हरळी : वाटा, गोठ्यालगतच्या मोकळ्या जागा, सतत चराई असलेले सपाट तुकडे यांसाठी. उत्पन्न थोडे, पण चिवटपणा मोठा. शेतात मात्र ती तणच ठरते.

अंजन गवत : सोलापूर, नगर, सांगलीच्या कमी पावसाच्या पट्ट्यासाठी नामांकित. सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या ठाणे जिल्ह्याच्या माळांवर ते उपयोगाचे नाही. ‘उष्णता वाढते आहे, तेव्हा दुष्काळी भागातील गवत आणून लावू’ हा सरधोपट विचार येथे फसतो. कोकणाला उन्हाळ्याचे आठ महिने सोसणारे आणि पावसाळ्याचे चार महिने मुळे न कुजता काढणारे, असे दोन्ही गुण असलेले गवत लागते.

नावांच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. अंजन नावाचे गवत आहे, तसाच अंजन नावाचा वृक्षही आहे. धामण हे गवताचे नाव आहे आणि झाडाचेही. तालुक्यागणिक नावे बदलतात. बियाणे घेताना केवळ स्थानिक नावावर न जाता शास्त्रीय नावाची खातरजमा करून घ्यावी.

‘देशी’ हा शब्दही सापेक्ष आहे. राजस्थानपासून महाराष्ट्रापर्यंत उपकारक मानले जाणारे अंजन गवत ऑस्ट्रेलियात चाऱ्यासाठी नेण्यात आले. तेथे ते आता स्थानिक वनस्पतींना हुसकावणारे आणि आगी भडकवणारे आक्रमक गवत म्हणून ओळखले जाते. आपल्याकडे याच्या उलट अनुभव आहे. गाजरगवत १९५० च्या दशकात पुणे परिसरात प्रथम लक्षात आले आणि पाहता पाहता देशभर पसरले. वनस्पती चांगली की वाईट हे तिच्या जागेवरून ठरते.

एकट्या गवताने कुरण होत नाही

सकस कुरणात गवताबरोबर शेंगावर्गीय वनस्पती असाव्या लागतात. त्यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात आणि त्यांच्या पाल्यात प्रथिने अधिक असतात. बरबडा, रानमूग, रानउडीद, शेवरा या आपल्या माळांवरील शेंगावर्गीय वनस्पती होत. सरकारी व स्वयंसेवी योजनांतून प्रामुख्याने स्टायलो व सुबाभूळ यांचा प्रसार झाला. त्या मूळच्या अमेरिका खंडातील आहेत. त्यांनी चारा दिला हे खरे. परंतु सुबाभूळ मोकळ्या माळावर स्वतःहून पसरते, याचे भान ठेवून तिचा वापर बांध व कुंपणापुरता मर्यादित ठेवणे शहाणपणाचे.

उन्हाळ्यात गवत वाळून गेल्यावर हिरवा पाला देणारी झाडे हा कुरणाचा तिसरा थर. आपटा, शिवण, पांगारा, असाणा ही झाडे विरळ अंतराने माळाच्या कडेने असावीत. वाढत्या उष्म्यात जनावरांना सावलीचीही गरज असते. दुपारी सावली न मिळालेले जनावर चरणे थांबवते, हे गुराख्याला सांगावे लागत नाही.

याचा अर्थ संपूर्ण माळावर झाडे लावावीत असा मात्र नाही. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीचे उद्दिष्ट वर्षाला दोन कोटींवरून तेहतीस कोटींपर्यंत नेण्यात आले. अशा मोहिमांत मोकळे माळरान ‘पडीक’ समजून तेथे खड्डे खणण्याचा मोह होतो. दाट सावलीत माळगवत टिकत नाही. उलटपक्षी, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील अनेक माळ हे मूळच्या जंगलतोडीतून व वणव्यांतून तयार झालेले आहेत, हेही मान्य करावे लागते. जेथे जंगल स्वतःहून परत येत आहे तेथे ते येऊ द्यावे. जेथे गावाचा चराईवर उदरनिर्वाह आहे तेथे कुरण सुधारावे. कातळसड्यांवर मात्र बाहेरची माती किंवा बियाणे टाकू नये. तेथील बारीक गवते व रानफुले जगात अन्यत्र न आढळणारी असू शकतात.

निवड कशी करावी?

१. आधी पाहणी : गुरचरणाचा एक छोटा तुकडा कुंपण घालून एक पावसाळा बंद ठेवावा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गवते फुलोऱ्यावर असताना काय उगवले याची नोंद करावी. जमिनीत मुळे व बी शिल्लक असतील तर बाहेरून काही लावण्याची गरजच भासत नाही. यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

२. जागेप्रमाणे विभागणी : खोलगट, ओलसर भागात मारवेल, मुरमाड माळावर शेडा व पवन्या, उतारावर डोंगरी, नाल्याच्या काठावर माती धरण्यासाठी वाळा. संपूर्ण गुरचरणावर एकच गवत लावणे टाळावे. पाऊस लवकर आला, उशिरा आला किंवा मध्येच थांबला, तरी मिश्रणातील काहीतरी तगते. अनिश्चित हवामानात हाच खरा विमा आहे.

३. बियाणे कोठले? : शक्यतो त्याच तालुक्यातील निरोगी माळावरून गोळा केलेले. मात्र उद्याच्या हवेचा विचार करून त्यात त्याच जातीचे, थोड्या अधिक उष्ण व कोरड्या भागातील बियाणे अल्प प्रमाणात मिसळावे, असा विचार जगभरात मांडला जातो. एकाच जातीतही फरक असतो. थिमेडा ट्रायअँड्रा हे गवत महाराष्ट्राच्या डोंगरांवर आहे, तसेच आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियातही आहे. ऑस्ट्रेलियाच्या उष्ण, कोरड्या भागात त्याचे अधिक गुणसूत्रसंच असलेले प्रकार प्रामुख्याने आढळतात.

४. पेरणी की ठोंबे? : माळगवतांचे बी हलके, केसाळ आणि वाऱ्याने उडणारे असते. ताजे बी बहुधा सुप्तावस्थेत असते. ते काही महिने साठवूनच पेरावे. ही सुप्तावस्था दोष नव्हे. सगळे बी एकदम न उगवल्यामुळे २०२५ सारख्या खंडित पावसातही थोडे शिल्लक राहते. शेणमातीत घोळवून केलेल्या गोळ्या वरवर पेराव्यात, खोल पुरू नयेत. मारवेलसाठी मुळांसह ठोंबे लावणे अधिक खात्रीचे. पाऊस स्थिरावल्यानंतर, साधारण अर्ध्या मीटरच्या अंतराने लावावेत.

५. पहिली दोन वर्षे : पहिल्या वर्षी चराई पूर्ण बंद. दुसऱ्या वर्षी कापून न्यावे. त्यानंतर गुरचरणाचे चार भाग पाडून आळीपाळीने चराई करावी आणि दरवर्षी एक भाग बी पडेपर्यंत मोकळा ठेवावा. घाणेरी, रानमोडी मुळासकट उपटावी. कडेने जाळरेषा काढाव्यात.

कापणीचा पेच

येथे गवत दिवाळीनंतर, पाऊस सरल्यावर कापण्याची रीत आहे. तोवर त्याचा कस उतरलेला असतो. लवकर कापावे तर परतीच्या पावसात ते भिजून बुरशी धरते. पाऊस लांबत असल्याने हा पेच वाढला आहे. काही भाग सप्टेंबरमध्ये हिरवा कापून मुरघास करणे आणि उरलेला उघडीप पाहून वाळवणे, हा त्यावरील व्यवहार्य मार्ग होय. गंजी उंच ओट्यावर रचून झाकल्या तर अवकाळी पावसातही मे महिन्याची वैरण सुरक्षित राहते.

लावायचे कोणी, राखायचे कोणी?

सर्वांत अवघड प्रश्न गवताचा नसून माणसांचा आहे. गुरचरण बंद ठेवले की सर्वांत आधी झळ बसते ती जमीन नसलेल्या, दोन शेळ्या व एक गाय असलेल्या घराला. नगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व हिवरे बाजार येथे चराईबंदी व कुऱ्हाडबंदी यशस्वी झाली, त्यामागे ग्रामसभेचा निर्णय आणि कापून नेण्याचा हक्क या दोन्ही गोष्टी होत्या. बंद ठेवलेल्या तुकड्यातील पहिली कापणी भूमिहीन कुटुंबांच्या वाट्याला आली तरच बंदी टिकते.

पावसाळ्यानंतर नगर, पुणे जिल्ह्यांच्या अवर्षणग्रस्त भागातील धनगर कुटुंबे मेंढ्या घेऊन माळशेजसारख्या घाटांनी कोकणात उतरतात. भात कापलेल्या खाचरांत मेंढ्या बसवून शेतकऱ्याला खत मिळते आणि मेंढ्यांना चारा. कुरणाचा आराखडा त्यांना वगळून करता येणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने स्थायिक तसेच फिरत्या पशुपालकांचा चराईचा हक्क मान्य केला आहे. सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात सर्व राज्यांना निर्देश दिले होते. मोजणी न झालेल्या, हद्दीच्या खुणा नसलेल्या गुरचरणावर लावलेले गवत मात्र दुसऱ्या वर्षी शिल्लक राहीलच असे नाही. म्हणून गवताआधी हद्द, हे सूत्र महत्त्वाचे.

जनावरांची निवडही याच विचाराचा भाग आहे. अतिपावसाला सरावलेली डांगी आणि २०१८ साली स्वतंत्र जात म्हणून नोंदणी झालेली कोकण कपिला ही गुरे माळावरच्या चाऱ्यावर गुजराण करतात. अधिक दूध देणाऱ्या संकरित गाईला हे कुरण पुरे पडणार नाही. तिच्यासाठी ओलिताचा चारा व खुराक लागतो. पौषातील म्हसा यात्रेत बैल घेणाऱ्याला हा हिशेब ठाऊक असतो. योजना आखणाऱ्यांनीही तो ठेवायला हवा.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष ‘आंतरराष्ट्रीय कुरणे व पशुपालक वर्ष’ म्हणून घोषित केले आहे. शहरातील वाचकाला हा विषय दूरचा वाटेल. पण मुरबाड-शहापूरचे माळ हे उल्हास, काळू, भातसा या नद्यांच्या पाणलोटाचा भाग आहेत. गवताने झाकलेल्या उतारावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो. उघड्या उतारावरचा तोच पाऊस माती घेऊन काही तासांत बदलापूर, कल्याणच्या नदीकाठी येऊन थडकतो. गुरचरणाच्या एका तुकड्याला कुंपण घालण्याचा ठराव मे महिन्याच्या आत झाला, तर येत्या ऑक्टोबरमध्ये त्या माळावर काय उरले आहे हे गावाला मोजून पाहता येईल. निवडीची सुरुवात तेथूनच करावयाची आहे.